सोळास पंधरा

“आई एवढी बारीक नव्हती गं.”

सात सेकंदांचा आवाज. कराडहून, रात्री साडेनऊला. त्याच्या थोडं आधी मी मावशीला मामाच्या लग्नाच्या व्हिडिओतला दोन मिनिटांचा तुकडा पाठवला होता आणि फोन समोर उताणा ठेवून कौतुकाची वाट बघत बसले होते. तीन रात्री जागून काढलेला तुकडा होता तो. डीव्हीडीवरून लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून फोनवर, मधे चार वेळा सगळं बिघडवून. त्यात आजी आहे. कोठीच्या दारात उभी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, डोईवरचा पदर पुढे ओढायच्या बेतात. आजीला जाऊन पंचवीस वर्षं झाली. मला वाटलं होतं मावशी रडेल, निदान गप्प होईल. ती म्हणाली, एवढी बारीक नव्हती.

मी लिहिलं, “अगं मावशी, तुला तसं वाटतंय. माणूस गेलं की आठवणीत भरत जातं.” हे लिहिताना मी स्वतःला फार शहाणी वाटले होते, हे कबूल करते. लगेच दुसरा आवाज आला. मागे कुकरची शिट्टी, तिच्यावर चढलेली मावशी: “मला काय वाटतं ते तू नको सांगूस. तिच्या चोळ्या मी शिवत होते. माप तोंडपाठ आहे मला तिचं.”

शहात्तर वर्षांची बाई. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू गेल्या वर्षी काढलेत. तळहाताएवढ्या पडद्यावर, तीस वर्षांपूर्वीचं, दोनदा इकडून तिकडे ओतलेलं गढूळ चित्र बघून ती मापाच्या गोष्टी करत होती. मी फोन चार्जिंगला लावून आडवी झाले. झोप काही लागली नाही.

मामाचं लग्न मे १९९४ मधलं. मी अकरा वर्षांची होते. कार्यालय कराडातलंच, पत्र्याचं, वरून तापलेलं, आणि त्या तापल्या पत्र्याखाली हॅलोजन. ज्यांनी त्या काळातली लग्नं पाहिलीत त्यांना हॅलोजनबद्दल वेगळं सांगायला नको. खांद्यावर तोफेसारखा कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला पुढे, आणि मागे काठीच्या टोकाला तो दिवा धरलेला एक पोरगा. दिव्याची वायर अख्ख्या मांडवातून सरपटत यायची आणि म्हातारी माणसं तिच्यात अडकायची. दिवा ज्याच्यावर पडेल तो आधी डोळे मिटायचा, मग कपाळ पुसायचा, मग हसायचा. म्हणून त्या कॅसेटमधलं प्रत्येक माणूस ह्याच क्रमानं दिसतं: मिटलेलं, घामेजलेलं, हसरं. पाखरं यायची दिव्यावर. आम्हा पोरांना शूटिंगवाल्यापेक्षा त्या पोराचा हेवा वाटायचा, कारण त्याला कुठंही घुसता यायचं, अगदी नवरीच्या खोलीतही.

कॅसेट दोन महिन्यांनी आली. तोवर तिच्यावर ‘मिक्सिंग’ झालं होतं. बदामाच्या आकारातून उघडणारा मामा, कमळात गोल फिरणारी मामी, आणि अक्षता पडताना दोघांच्या मधून उडत गेलेलं एक कबूतर, जे लग्नात नक्की नव्हतं. मंगलाष्टकांची दहा मिनिटं सोडली तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमातली गाणी. आहेराचा भाग अडतीस मिनिटांचा. प्रत्येक जण पाकीट नवरदेवाच्या हातात देताना कॅमेऱ्याकडे बघतो आणि पाकीट सोडतच नाही, शूटिंगवाला मान हलवेपर्यंत. व्हीसीआर भाड्यानं आणला होता, रात्रीपुरता. सोबत दोन सिनेमेही आणले होते, पण लग्नाचीच कॅसेट तीनदा लागली. आजी भिंतीला टेकून बसली होती. स्वतः पडद्यावर आली की पदर तोंडाला लावायची, जणू पडद्यावरच्या बाईनंच लाजायचं बाकी ठेवलं होतं.

मग ती कॅसेट लोखंडी कपाटात गेली, डांबरगोळ्यांच्या वासात, मामीच्या शालूखाली. पंधरा वर्षं तिथं होती. २००९ मध्ये मामानं ती पुण्यातल्या एका दुकानात देऊन डीव्हीडी करून घेतली आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत मूळ कॅसेट भंगारात गेली. “आता काय करायचीय, डीव्हीडी आहे की.” त्या वेळी हे सगळ्यांना पटलं होतं, मलाही. पुढे जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं बंद केलं. जगात व्हीसीआर काढणारा शेवटचा कारखाना म्हणून तीच ओळखली जायची. त्या बातमीनं मी क्षणभर हळहळले होते. पण घरात कॅसेट नसताना व्हीसीआरसाठी हळहळणं म्हणजे गाय विकून दावं कुरवाळण्यासारखं.

आणि आता डीव्हीडीच्या पाठीवर चरे. नव्या लॅपटॉपला चकती घालायला फटच नाही. शेजारून वायरीचा ड्राइव्ह मागून आणला, चकती आत घातली, ती घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. दर वेळी थांबली की माझ्या पोटात गोळा. शेवटी व्हीओबी नावाच्या चार फायली बाहेर आल्या. डीव्हीडी आपला माल गिगाबाइटागिगाबाइटाला तोडून ठेवते, म्हणून चार. आजी दुसऱ्या फायलीत होती.

मी संगणकवाली नव्हे. एका कचेरीत लेखा विभागात आहे. माझा संगणकाशी संबंध बेरजा जुळण्यापुरता. आधी मी लोक करतात तेच केलं: फुकट म्हणवणारे रूपांतराचे प्रोग्रॅम उतरवले. एकानं आजीच्या पोटावर स्वतःचं नाव आडवं छापलं आणि ते पुसायचे पैसे मागितले. दुसऱ्यानं तीन मिनिटांनंतर लग्नच थांबवलं. मग ऑफिसातल्या एका मुलानं एफएफएमपेग सुचवलं. म्हणाला, “मॅडम, बटण एकही नाही हं त्याला.”

खरंच नाही. काळी खिडकी, त्यात लुकलुकणारी एक उभी रेघ. तिला काय हवंय ते तुम्ही लिहून सांगायचं, तारेसारखं, तुटक. प्रोग्रॅमचं नाव, मग ‘वजा आय’, मग जी फाइल घ्यायची तिचं नाव, मग काय काय करायचं ते, आणि सगळ्यात शेवटी जी बनवायची तिचं नाव. पहिल्या रात्री मला त्या खिडकीची भीती वाटली आणि दुसऱ्या रात्री तिचा लळा लागला. कारण ती गोड बोलत नाही. चुकलं की चुकलं म्हणते, आणि चाललं असेल तर खाली एक ओळ सारखी बदलत राहते: किती चित्रं झाली, लग्नाचं कितवं मिनिट आलं, खऱ्या वेळेच्या किती पट वेगानं चाललंय. लॅपटॉपचा पंखा चढा सूर धरतो, हाताखाली गरम लागतं, आणि दुधावर नजर ठेवून बसावं तशी मी त्या आकड्यांकडे बघत बसते. फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच माणसानं २००० साली हे सुरू केलं. नावातली पहिली दोन अक्षरं ‘फास्ट फॉरवर्ड’ची. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स यानानं उतरतानाचं चित्रीकरण दाबून साठवायला हेच वापरलं, असं कळल्यावर मी नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, “मग मामाच्या लग्नाला पुरेल.” आणि कुशीवर वळला.

एक गोष्ट मात्र मला तिथं कुणी न शिकवता कळली, ती आईच्या लोणच्यामुळे. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही सगळी बरण्यांची नावं आहेत. आत लोणचं कुठलं, ते बरणीवरून कळत नाही. व्हिडिओ कसा दाबलाय, आवाज कसा दाबलाय, ते आतलं प्रकरण निराळं. नुसती बरणी बदलायची असेल तर एफएफएमपेगला ‘कॉपी’ म्हणायचं. तो फोडींना हात न लावता सगळं नव्या बरणीत उतरवतो आणि दोन तासांचं लग्न काही सेकंदांत पलीकडे जातं. पण लोणचंच नव्यानं घालायचं असेल, म्हणजे डीव्हीडीवरच्या जुन्या एमपेग-२ चं आजच्या एच.२६४ मध्ये करायचं असेल, तर प्रत्येक चित्र उघडून, बघून, पुन्हा दाबावं लागतं. तिथं काही ना काही सांडतंच. किती सांडू द्यायचं ह्याला एक आकडा आहे, शून्य ते एक्कावन. काही न सांगितलं तर तो तेवीस धरतो. मी अठरा दिला. ऑफिसातला मुलगा म्हणाला वीस पुरे, डोळ्याला कळत नाही. मी अठराच ठेवला. लोणच्यात तेल जरा वरच असावं.

मामेभावाला, म्हणजे ज्याचं हे लग्न त्याच्या मुलाला, वाटलं आपणही करून बघावं. त्याला मी फोनवरून कमांड सांगत होते. “वजा आय. नाही, मधे जागा सोड. वजा म्हणजे आडवी रेघ रे. खालची नाही, मधली. आता सी, मग विसर्गासारखे दोन टिंब, मग व्ही.” पलीकडून टकटक. “ताई, तो विचारतोय, आधीची फाइल आहे, तिच्यावर लिहू का? वाय की एन?” मी म्हटलं, “एन! एन!” कारण आदल्याच रात्री मी सवयीनं वाय दाबून माझी स्वतःची तयार फाइल पुसली होती. एफएफएमपेग विचारतो, हे खरं. पण एकदाच विचारतो, आणि उत्तराचा मान राखतो.

आता त्या चार बिघाडांबद्दल. पहिला फणीचा. मामा वळला की त्याच्या नाकाला आडवे दाते फुटायचे, हात हलवला की बोटांची फणी व्हायची. कारण जुना टीव्ही पूर्ण चित्र एकदम काढतच नसे. आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या. व्हीसीआरमधला ढोल सेकंदाला पंचवीस फेऱ्या मारायचा आणि त्याच्यावरची दोन डोकी आळीपाळीनं अर्धं अर्धं चित्र वाचायची. दोन अर्ध्यांच्या मधे सेकंदाचा पन्नासावा भाग जातो आणि तेवढ्यात मामाचं नाक पुढे सरकलेलं असतं. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे कुणाला दिसत नसे. लॅपटॉप दोन्ही अर्धी एकावर एक ठेवतो आणि दाते दिसतात. ते विंचरून काढणाऱ्या फिल्टरचं नाव यॅडिफ, आणि त्या नावाचा अर्थच मुळी ‘आणखी एक ओळी जुळवणारा फिल्टर’. असा विनय आपल्याकडच्या शूटिंगवाल्यांच्या बोर्डांवर कुठं दिसला नाही मला.

दुसरा बिघाड माझा मीच ओढवून घेतला. व्हीएचएसचं, म्हणजे त्या जुन्या कॅसेटचं, चित्र सारखं मुंग्यांसारखं वळवळतं. चित्र दाबणाऱ्या प्रोग्रॅमला त्या मुंग्या आणि पैठणीचा काठ ह्यांतला फरक कळत नाही. तो मुंग्याही इमानदारीत जपतो आणि फाइल फुगते. म्हणून मी मुंग्या मारायचा फिल्टर लावला, एचक्यूडीएन३डी, ज्याचं नाव मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा. चित्र काय सुरेख झालं! भिंत भिंतीसारखी, मांडव मांडवासारखा. मग आजी आली. तिचा चेहरा मेणाचा झाला होता, आणि कपाळावरचं गोंदण गेलं होतं. दोन भुवयांच्या मधली ती हिरवी रेघ आणि तिच्याखालचे तीन ठिपके, जे मी लहानपणी तिच्या मांडीवर पडून बोटानं मोजायचे. त्या फिल्टरच्या लेखी ते मुंग्यांपैकीच. मी तो काढून टाकला. फाइल पुन्हा फुगली, फुगू दे म्हटलं.

तिसरा बिघाड अंधाराचा. पंगत सुरू होते आणि चित्र एकदम काळवंडतं. पत्रावळींचे फिकट गोल तेवढे दिसतात, वाढपी सावल्यांसारखे पळतात, बुंदीची बादली कुठली आणि आमटीची कुठली ते वाकलेल्या पाठीवरून ओळखायचं. सात-आठ मिनिटं असंच, मग पुन्हा लख्ख. मामा म्हणाला, टेपला तिथं ओल लागली असणार. डीव्हीडी करणाऱ्या दुकानालाही मी मनातल्या मनात दोनचार शब्द वाहिले. मग त्या भागापुरता उजेड वाढवणारा फिल्टर लावला, ईक्यू. उजेडासोबत मुंग्याही उजळल्या. राखेतून जेवणारी माणसं दिसावीत तसं झालं, पण निदान माणसं दिसत होती.

चौथा बिघाड मावशीनं सांगेपर्यंत मला दिसलाच नव्हता.

पहाटे पाचला उठून लॅपटॉप उघडला. एफएफएमपेग कुठलीही फाइल हातात घेतली की आधी तिची कुंडली छापतो. पहिल्या रात्रीपासून ती ओळ माझ्यापुढे होती आणि मी तिच्यावरून नजर सरकवत होते: ७२० बाय ५७६, आणि त्याच्यापुढे चौकटी कंसात, १६:१५. सोळास पंधरा. म्हणजे ह्या चित्रातला प्रत्येक ठिपका चौकोनी नाही, उंचीपेक्षा जरा रुंद आहे. तो उंचीला पंधरा असेल तर रुंदीला सोळा. मी नेटवर कुठून तरी उचललेल्या कमांडमध्ये ‘ठिपके चौकोनी समज’ असा हुकूम होता, आणि त्यानं बिचाऱ्यानं तो पाळला. प्रत्येक ठिपका दोन्ही बाजूंनी नखभर आवळला. ७६८ रुंदीचं लग्न ७२० मध्ये बसवलं.

हे सोळास पंधरा आलं कुठून, ते शोधताना चहा गार झाला. १९८२ मध्ये टीव्हीचं चित्र आकड्यांत कसं मांडायचं त्याचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. अमेरिका-जपानची टीव्हीची पद्धत एक, युरोपची आणि आपली दुसरी. ओळींची संख्या निराळी, सेकंदाला किती चित्रं तेही निराळं. निदान एका ओळीतले ठिपके तरी सगळ्यांचे सारखे असू देत म्हणून दोघांनाही ७२० ठरले. आता उंची निराळी आणि ठिपके तेवढेच, तर चित्र बसायचं कसं? ठिपक्यानं अंग चोरायचं किंवा पसरायचं. त्यांचा ठिपका अरुंद झाला, आपला रुंद. (ह्या विषयातले सोवळे लोक म्हणतात, खरं चित्र ७२० पैकी ७०४ मध्येच असतं, म्हणून प्रमाण बारास अकरा धरायला हवं. त्यांच्या भांडणात मी शिरले नाही.) म्हणजे माझी आजी बारीक झाली ती बारा वर्षं आधी कुठल्या तरी टेबलावर झालेल्या समेटामुळे, आणि तो समेट न वाचणाऱ्या माझ्यामुळे.

मी हिशेब केला. माझा धंदाच तो. ७६८ मधले अठ्ठेचाळीस गेले. शंभरात सव्वासहा. छाती चाळीस इंच असेल तर साडेसदतीस भरेल. अडीच इंच! अडीच इंच कमी केलेल्या चोळीत बाई शिरेल तरी का?

आधी मी साधा उपाय केला. बरणीवर नवी चिठ्ठी लावली, की हे चित्र दाखवताना चारास तीन दाखव. काही सेकंदांचं काम. लॅपटॉपनं ती चिठ्ठी वाचली, माझ्या फोननं वाचली नाही. तिथं आजी बारीकच. मग मूळ व्हीओबीवर परत गेले आणि सगळं नव्यानं घातलं: दाते विंचरले, मुंग्या राहू दिल्या, रुंदी ७६८ केली, ठिपके खरेखुरे चौकोनी. ऑफिसला जाताना बसमधून मावशीला पाठवलं. काही लिहिलं नाही. दोन चित्रं शेजारी ठेवली तर मला स्वतःला फरक सांगता आला नसता, इतका तो थोडा आहे.

“हां,” मावशी म्हणाली. ह्या वेळी फोनच केला तिनं. “ही आई.” मग जरा थांबून, “पण काय बोलतीय ती? आवाज येत नाही. गाणंच लागलंय नुसतं.”

हे दुरुस्त करायला माझ्याकडे आकडा नव्हता. व्हीएचएसच्या अर्धा इंच पट्टीवर चित्र तिरप्या रेघांनी भरलेलं असतं आणि साधा आवाज एका कडेनं सरळ जातो, साडीला गोट लावावा तसा. काही व्हीसीआरवर तेवढा गोट उसवून नवा लावायची सोय होती. चित्राला धक्का न लागता जुना आवाज पुसला जाई आणि नवा बसे. गाणी अशीच बसवत. त्या गाण्यांच्या खाली दबलेला आजीचा आवाज नाही. खाली काहीच नाही. तरी मी कुंडली पुन्हा काढून पाहिली, चुकून दुसरा आवाजाचा धागा असेल म्हणून. एकच होता. मावशीला हे सगळं सांगायच्या भानगडीत न पडता मी म्हटलं, “आवाज गेला गं. शूटिंगवाल्यानं त्याच्यावर गाणी भरली.”

“गेला तर गेला,” ती म्हणाली. “दिसतंय की काय बोलतीय ते.”

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. रविवारी दुपारी, दोघींनी आपापल्या फोनवर तोच तुकडा लावून, आवाज बंद करून. मी थांबव म्हटलं की ती थांबवायची. आजी आत बघून म्हणते, “गूळ कोणी काढला गं?” मग कॅमेऱ्याकडे हात करून, “मला नगं. नवरीला काढ.” आईला हा उद्योग सांगितला तर ती म्हणाली, ताई काहीही सांगते, तिला काय ओठ वाचता येतात? आई स्वतः तो व्हिडिओ कधीच बघत नाही. तिला त्यात गेलेलीच माणसं दिसतात. मलाही मनातून वाटत होतं की मावशी रचतेय. पण रचून तरी गूळ कशाला रचेल कुणी?

चित्राखाली वाक्यं उमटवायला एसआरटी नावाची एक साधी फाइल असते. क्रमांक, कुठून कुठपर्यंत त्याची वेळ, खाली वाक्य. मी मावशीची वाक्यं त्यात भरत गेले. गूळ, नवरी, मग कुणाला तरी नावानं हाक. शेवटचं वाक्य लांब होतं. आजी कॅमेऱ्याकडे बघत नाही, कॅमेऱ्याच्या जरा वर, उजवीकडे बघते, हातानं तिकडेच दाखवते आणि आत तोंड करून काही तरी ठसक्यात बोलते. आम्ही सगळे इतकी वर्षं समजत होतो की ती शूटिंगवाल्याला हाकलतेय.

“त्या पोराला आदी जेवाय घाला,” मावशी आजीच्या आवाजात म्हणाली. “सकाळधरनं उभं हाय ते.”

“कुठल्या पोराला?”

“ते मला काय माहीत. ती म्हणतीय तेवढं सांगते.”

मी वेळ टाकली. एक्केचाळीस मिनिटं बारा सेकंद ते पंधरा सेकंद. वाक्य लिहिलं, ‘हाय’ला ‘हाय’च ठेवलं. मग वेळ बरोबर बसलीय का ते बघायला मोठ्या पडद्यावर पुढे चालू दिलं. आजी आत वळते. तिच्यामागे दारावर तिची काळीभोर सावली आहे. ती सावली डावीकडे सरकते, लांबते, दाराच्या कडेवरून खाली घसरते, म्हणजे कुणी तरी उजेड खाली उतरवतंय. एक्केचाळीस मिनिटं पन्नास सेकंदांना सगळं काळवंडतं. पंगत बसते. फिकट गोल पत्रावळी, वाकलेल्या पाठी. सात मिनिटं. मग उजेड परत येतो, आधी छताच्या पत्र्यावर, मग भिंतीवर, मग माणसांवर, आणि माणसं डोळे मिटतात, कपाळ पुसतात, हसतात.

मी कमांडमध्ये परत गेले आणि ईक्यू खोडला.